सारथ्याची बैठक आणि धन्याची बैठक

वेगाची गाडी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकापुढें विक्रेता शेवटीं एक पेटी उघडून ठेवतो. तींत तळहाताएवढे चामड्याचे तुकडे ओळीनें मांडलेले असतात : कोणी काळा, कोणी डाळिंबी, कोणी मधाच्या रंगाचा, कोणी दुधाच्या सायीसारखा. यांतला कोणता तुकडा गादीला, कोणता सुकाणूच्या चाकाला, कोणता दाराच्या आंतल्या अंगाला, आणि शिलाईचा दोरा कोणत्या रंगाचा, हें गिऱ्हाइकानें सांगावयाचें असतें. इंजिनाची निवड घटकाभरांत आटोपलेली असते. या पेटीपाशीं मात्र भलेभले घोटाळतात. याचें कारण असें कीं, पुढ्यांत दिसतो तो नुसता रंग. त्या रंगाच्या पोटांत असलेला इतिहास कोणी सांगत नाहीं. तो इतिहास मोठा मौजेचा आहे. आज जें चामडें धन्याच्या ऐश्वर्याचें चिन्ह समजलें जातें, तें प्रारंभीं नोकराच्या वाट्याला आलेलें होतें.

मोटारीच्या आधीं बग्गी होती, आणि मोटारीच्या अंतरंगाची सारी रीत बग्गीपासून आलेली आहे. युरोपांतील श्रीमंतांच्या बंद घोडागाडींत दोन प्रकारच्या बैठका असत. आंत धनी व त्याचें कुटुंब बसे. तेथें लोकर, मखमल, रेशीम यांचीं आच्छादनें असत. बाहेर, उंच माचीवर, कोचमन बसे. ऊन, पाऊस, चिखल व बर्फ हें सर्व त्याच्या अंगावर येई, म्हणून त्याच्या बैठकीला चामडें लावीत. कापड भिजलें म्हणजे फुगतें, कुजतें, त्यास वास येऊं लागतो. चांगलें कमावलेलें व तेल पाजलेलें चामडें ओल्या फडक्यानें पुसलें कीं काम झालें. घोड्यांच्या टापांनीं उडणारा चिखल अडविण्यासाठीं कोचमनच्या पायांपुढें जी फळी किंवा चामड्याचा पडदा असे, त्यास इंग्रजींत 'डॅशबोर्ड' म्हणत. घोडे गेले, चिखल अडविण्याचें कामही गेलें. नांव मात्र मोटारीच्या दर्शनी फळीला चिकटून राहिलें, आणि आज त्याच फळीला चामडें मढविण्यासाठीं गिऱ्हाईक निराळे पैसे मोजतें.

कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें, तेव्हां नवें होतें तें इंजिन. बसण्याची सोय जुन्या गाडीचीच होती. पुढें मोटारींचे सांगाडे बांधूं लागले तेही बहुतेक बग्ग्या बांधणारे कारागीरच. त्यांनीं आपली जुनी वर्णव्यवस्था नव्या वाहनांत जशीच्या तशी उतरविली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतील लँडोलेट किंवा टाऊन-कार या जातीच्या गाड्या पाहिल्या तर हें तत्काळ ध्यानांत येतें. पुढील शोफरच्या डोक्यावर कित्येकदां छप्पर नसे, आणि त्याची गादी चामड्याची असे. मागें कांचेच्या आड धनी बसे. त्याच्या गादीला उंची लोकरी कापड असे. त्या काळीं कोणा गृहिणीस 'तुमच्या बैठकीला चामडें लावूं काय?' असें विचारलें असतें, तर तिला तो आपला अपमान वाटला असता.

हा भेद मोडला तो स्पोर्ट्स गाडीनें. पहिल्या महायुद्धाच्या आधीं, १९११ च्या सुमारास, इंग्लंडांत व्हॉक्सहॉल कंपनीनें 'प्रिन्स हेन्री' नांवाची वेगवान गाडी विक्रीस काढली. अनेक अभ्यासक तिला पहिल्या स्पोर्ट्स गाड्यांपैकीं एक मानतात. युद्धानंतर डब्ल्यू. ओ. बेंटली यांची तीन लिटरची गाडी आली. फ्रान्समध्यें ल मान येथें १९२३ सालीं चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, आणि १९२४ सालीं ती बेंटलीनें जिंकली. या गाड्यांचा विशेष असा होता कीं, त्या उघड्या असत आणि धनी त्या स्वतः हांकी. शोफर ठेवण्याची ऐपत असलेला मनुष्य हौसेनें शोफरच्या जागीं जाऊन बसला. तेथें पाऊस होता, वारा होता, तेलाचे शिंतोडे होते. म्हणून तेथें चामडेंही होतें. वेगाच्या नादानें मालक नोकराच्या बैठकीवर आला, आणि त्याच्यामागोमाग त्या बैठकीला मालकाची प्रतिष्ठा आली. चामड्याचा मान वाढला तो त्याच्या मऊपणामुळें नव्हे, तर त्याच्या सोसण्याच्या शक्तीमुळें. ही गोष्ट आजच्या गिऱ्हाइकानें प्रथम लक्षांत ठेवावी.

परंतु चामड्याला ही शक्ति सहज येत नाहीं. जनावराचें कातडें तसेंच ठेवलें तर तें कांहीं दिवसांत सडतें. तें न सडावें, मऊ राहावें, पाण्यास दाद देऊं नये, यासाठीं तें कमवावें लागतें. लंडनमध्यें हा धंदा थेम्स नदीच्या दक्षिणेस बर्मंडसी या भागांत एकवटला होता. तेथें १८३३ सालीं चामड्याचा मोठा बाजारही बांधला गेला. नगराच्या प्रतिष्ठित वस्तीपासून हा धंदा दूर ठेवण्याचें मुख्य कारण त्याची दुर्गंधी. केस काढण्यासाठीं कातडीं चुन्यांत टाकीत. नंतर ओक वृक्षाच्या सालीच्या अर्कानें भरलेल्या हौदांत तीं महिनोन् महिने मुरत. कांहीं हलकीं कातडीं नरम करण्यासाठीं कुत्र्याची विष्ठा वापरीत, आणि ती रस्त्यांतून गोळा करून चामड्याच्या कारखान्यांस विकणें हा लंडनमधील कांहीं दरिद्री माणसांचा पोटाचा व्यवसाय होता. हेन्री मेह्यू यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. १९०७ च्या सुमारास ओटो रोम या जर्मन रसायनज्ञानें त्याच कामासाठीं पाचक रसांचें द्रव्य तयार केलें, तेव्हां कोठें हा ओंगळ प्रकार मागें पडूं लागला.

या व्यवहारांत महाराष्ट्राचाही हात होता, हें थोड्यांस ठाऊक असतें. सह्याद्रीच्या रानांतला हिरडा कातडें कमावण्यास उत्तम. तो मुंबई इलाख्यांतून विलायतेस जहाजांनीं जात असे. इंग्रज व्यापारी हिरड्याच्या प्रती गांवांच्या नांवांनीं ओळखीत. जबलपूर, भीमलीपट्टण यांच्या जोडीला 'विंगोर्ला', म्हणजे आपलें वेंगुर्लें, हें नांवही त्यांच्या भावपत्रकांत असे. घरोघर आजीच्या बटव्यांत असणारें हें फळ परदेशीं चामड्याच्या हौदांत पडत होतें. आणि येथें, आपल्या गांवांत, त्याच हिरड्यानें, बाभळीच्या व तरवडाच्या सालीनें कातडें कमावणारा ढोर आणि त्याचे जोडे शिवणारा चांभार यांस गांवकुसाच्या कडेला राहावें लागत होतें. लंडननें चामड्याची दुर्गंधी नदीपार ठेवली; आपण दुर्गंधीबरोबर माणसेंही दूर ठेवलीं, आणि पिढ्यान् पिढ्या ठेवलीं. चामड्याच्या मऊ गादीचा इतिहास सांगतांना हें वगळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोन शोध लागले, आणि त्यांवर आजची ती नमुन्यांची पेटी उभी आहे. पहिला शोध क्रोमचा. अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झ यानें १८८४ सालीं क्रोमियमच्या क्षारांनीं कातडें कमावण्याचें पेटंट घेतलें. सालीच्या हौदांत ज्या कामास महिने लागत, तें दिवसांवर आलें. शिवाय क्रोमचें चामडें पातळ, लवचिक व उष्णतेस टिकाऊ निघे. दुसरा शोध कृत्रिम रंगांचा. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यास १८५६ सालीं प्रयोग करतां करतां जांभळा रंग सांपडला, आणि त्या कुळांतील रंगांस ॲनिलिन रंग हें नांव पडलें. हें नांव आपल्या दृष्टीनें कुतूहलाचें आहे. ॲनिलिन हें द्रव्य प्रथम नीळ ऊर्ध्वपातित करून मिळविलें होतें, आणि निळीचें पोर्तुगीज नांव 'अनिल' हें अरबीमार्गें संस्कृत 'नील' शब्दापासूनच आलेलें आहे. आज विक्रेता 'सेमी-ॲनिलिन' असा शब्द उच्चारतो, तेव्हां त्याच्या तोंडीं नकळत एक भारतीय शब्द असतो.

मोटारीच्या चामड्याचें नांव काढलें कीं पुष्कळ वर्षें एकाच घराण्याचें नांव पुढें येई, तें म्हणजे लंडनचे कॉनली. हा धंदा १८७८ सालीं सुरू झाला. पुढें रोल्स-रॉईस, बेंटली, जॅग्वार, ॲस्टन मार्टिन आणि इटलीची फेरारी या सर्वांच्या गाद्यांना त्यांचें चामडें जाई. ब्रिटिश पार्लमेंटांतील बाकांनाही तें लागलें आहे. उत्तम चामडें निवडण्याची यांची दृष्टि शिकण्यासारखी होती. थंड प्रदेशांतील जनावरांस माश्या व किडे कमी चावतात. जेथें कांटेरी तारांचीं कुंपणें नाहींत तेथें अंगावर ओरखडे कमी येतात. आणि गाईच्या पोटावर गर्भारपणाचे ताण उमटतात, बैलाच्या नाहीं. म्हणून उत्तर युरोपांतील बैलांचीं कातडीं पसंत करीत. मोठ्या बैलाचें एक कातडें सुमारें पन्नास चौरस फूट भरतें. रोल्स-रॉईससारख्या प्रशस्त गाडीस अशीं आठ-दहा कातडीं खपतात. कारागीर प्रत्येक कातडें उजेडांत पसरून डाग व व्रण खडूनें खुणावी, आणि ते वगळून साच्याप्रमाणें तुकडे कापी. पाठीचा भाग घट्ट असतो म्हणून तो बैठकीला. पोटाचा भाग सैल पडतो म्हणून तो नजरेआडच्या कडांना. एका गाडींतील सर्व तुकड्यांचा पोत व रंग जुळविणें ही खरी परीक्षा.

त्या काळीं निवडीची पद्धतही निराळी होती. कंपनी इंजिन व चाकांसह नुसता सांगाडा विके, आणि गिऱ्हाईक तो आपल्या पसंतीच्या कारागिराकडे नेऊन वर अंग बांधवून घेई. शिंप्याकडे कापड देऊन कोट शिवून घ्यावा तसें. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनीं १९३६ च्या सुमारास अमेरिकन डूसेनबर्ग गाडीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांजकडून काळ्या व नारिंगी रंगाचें उघड्या गाडीचें अंग बांधवून घेतलें. ती गाडी आजही मोटार-शौकिनांत नांवाजलेली आहे. अशा गिऱ्हाइकास 'पर्याय' हा शब्द ठाऊक नव्हता. तो सांगेल तें होई. परंतु हें भाग्य मूठभरांचें होतें.

मध्यम ऐपतीच्या माणसापर्यंत ही हौस आणली ती दोन गोष्टींनीं. एक म्हणजे कृत्रिम चामडें. मँचेस्टरजवळ हाइड या गांवीं कापडावर सेल्युलोजचा लेप देऊन, त्यावर चामड्यासारखी नक्षी उठवून 'रेक्झिन' नांवाचा माल तयार होऊं लागला. हें एका मालाचें नांव आपल्या भाषेंत इतकें रुळलें कीं, रिक्षाच्या गादीपासून शाळेच्या दप्तरापर्यंत सर्वत्र 'रेक्झिन' हा सामान्य शब्द झाला. दुसरी गोष्ट म्हणजे विल्यम लायन्स यांच्यासारख्यांची व्यापारी दृष्टि. लायन्स यांनीं १९२२ सालीं ब्लॅकपूल येथें भागीदारींत मोटारसायकलच्या बाजूच्या गाड्या बांधण्यापासून आरंभ केला. त्यांतूनच पुढें जॅग्वार कंपनी उभी राहिली. लंडनच्या १९४८ च्या प्रदर्शनांत त्यांची 'एक्सके १२०' ही गाडी आली. मूळ किंमत हजार पौंडांच्या आंत, वेग ताशीं १२० मैलांचा, आणि आंत दोन रंगांच्या चामड्याची गादी. बाहेरील प्रत्येक रंगास आंतील कोणता रंग शोभेल हें कंपनीनेंच ठरवून दिलेलें असे. शिंप्याचा कोट गेला. तयार कपड्याचें दुकान आलें. एमजीसारख्या स्वस्त गाड्यांत तर काटकसर अशी कीं, जेथें मनुष्याचें अंग टेकतें तेवढ्याच भागास खरें चामडें, आणि बाजूस व पाठीमागें रेक्झिन. या काटकसरींत एक शहाणपण होतें : जेथें झीज, तेथें चामडें.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीनें व इटलीनें या प्रश्नास निराळीं उत्तरें दिलीं. मर्सिडीझची '३०० एसएल' ही पंखासारख्या दारांची गाडी १९५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत दाखविली गेली. तिच्यांत मूळ किंमतींत चौकड्यांचें कापड मिळे, आणि चामड्यासाठीं जादा पैसे द्यावे लागत. पोर्शेची '९११' ही गाडी १९६३ सालीं फ्रँकफुर्टला आली, तेव्हांही कृत्रिम चामडें हा तिचा नेहमींचा पोशाख होता आणि खरें चामडें ही ऐच्छिक चैन. बंद छपराच्या गाडींत पाऊस शिरत नाहीं. तेव्हां चामड्याची मूळ गरज संपली होती, आणि उरली होती ती आवड. फेरारीनें १९८७ सालीं 'एफ ४०' काढली, तेव्हां तिच्यांतून जवळजवळ सर्व चैन काढून टाकली : गालिचा नाहीं, दार उघडण्यास साधी दोरी, आणि गादीला कापड. वजन हा वेगाचा शत्रु, हा तिचा धडा. याच विचारानें शर्यतीच्या धाटणीच्या गाड्यांत 'अल्कांतारा' हें मखमली द्रव्य शिरलें. त्याचा मूळ शोध १९७० सालीं जपानच्या तोरे कंपनींतील मियोशी ओकामोतो यांचा. इटलींत त्याची कंपनी १९७२ सालीं निघाली. तें हलकें असतें, आणि वळणावर अंग घसरूं देत नाहीं.

पुढें दैवाची गंमत अशी झाली कीं, पर्याय जसजसे वाढले तसतसे जुने कारागीर मागें पडले. २००२ सालीं कॉनलींचा चामड्याचा कारखाना बंद पडला. दुसरीकडे, कंपन्यांनीं निवडीची यादी इतकी लांबविली कीं, पोर्शेच्या गाडींत वारा सोडणाऱ्या झडपांच्या बारीक पट्ट्यांनासुद्धां चामडें मढवून मिळूं लागलें. सोसण्यासाठीं आलेली वस्तु, जेथें कोणाचा हातही लागत नाहीं अशा जागीं जाऊन बसली.

हा सर्व इतिहास पाहतां निवड करणाऱ्यास कांहीं कसोट्या सांपडतात. पहिली कसोटी उपयोगाची. ज्या चामड्यावर रंगाचा दाट लेप असतो तें उन्हास, घामास व डागांस अधिक सोसतें, पण हाताला थोडें निर्जीव लागतें. ज्यास केवळ ॲनिलिन रंग पाजलेला असतो त्याचा नैसर्गिक दाणा दिसतो, स्पर्श मऊ असतो. मात्र तें पाण्याचा थेंबही टिपून घेतें आणि प्रखर उन्हांत लवकर फिकटतें. सेमी-ॲनिलिन हा मधला मार्ग. त्यावर पातळ लेप असतो. नागपूर-सोलापूरच्या उन्हांत उभी राहणारी गाडी आणि स्कॉटलंडच्या धुक्यांत फिरणारी गाडी यांस एकच चामडें सुचविणारा विक्रेता आपला धंदा जाणत नाहीं. काळी गादी उन्हांत चटके देते. फिकी गादी कपड्यांचा निळा रंग धरते. बारीक भोकें पाडलेल्या चामड्यांतून वारा खेळतो, पण त्या भोकांत धूळही बसते. गाडींत चढतां-उतरतां ज्या कडेवर अंग घासतें ती कड सर्वांत आधीं झिजते; तेव्हां तेथील शिलाई व जाडी पाहावी, झडपांवरील चामडें नव्हे.

दुसरी कसोटी कालाची. चांगलें चामडें जुनें होतांना त्यावर सुरकुत्या पडतात, चकाकी येते. वापरणाऱ्याच्या बसण्याची खूण त्यावर उमटते. म्हणूनच जुन्या गाड्यांचे जाणते संग्राहक मूळची झिजकी गादी फाडून नवी करण्यापेक्षां तिला तेल देऊन राखणें पसंत करतात. कृत्रिम आच्छादन बहुधा तुटेपर्यंत नवें दिसतें आणि मग एकदम जुनें होतें.

तिसरी कसोटी विवेकाची, आणि ती सर्वांत अवघड. कातडें बहुतांशीं मांसाच्या धंद्याबरोबर मिळणारी वस्तु असली तरी जनावराचा प्राण गेल्यावांचून गादी होत नाहीं, ही गोष्ट कोणत्याही सुगंधानें झांकत नाहीं. क्रोमनें वेळ वांचविला, परंतु त्याचें सांडपाणी शुद्ध न करतां सोडलें तर नदी व विहिरी नासतात. तामिळनाडूंत पालार नदीच्या खोऱ्यांतील चामड्याच्या कारखान्यांबाबत १९९६ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयास निर्णय द्यावा लागला तो याच कारणानें. आतां चामड्याशिवायचीं अंतरंगेंही उंची गाड्यांत मिळतात. पोर्शेनें २०१९ सालीं विजेवर चालणारी 'टायकान' काढली ती तशा पर्यायासह. पण त्यांतील पुष्कळ द्रव्यें खनिज तेलापासून होतात, हेंही विसरतां कामा नये. निर्दोष पर्याय पेटींत नाहीं. अधिक जाणता पर्याय मात्र असूं शकतो.

ज्या बैठकीचा आरंभ पावसांत भिजणाऱ्या सारथ्यासाठीं झाला, तिच्यावर आज धनी बसला आहे. त्यानें तिचा रंग खुशाल आपल्या आवडीचा निवडावा. परंतु निवडतांना त्या चामड्यामागें एक जनावर, एक झाड किंवा एक क्षार, एक नदी आणि दुर्गंधींत उभा राहिलेला एक मनुष्य आहे, एवढें त्यास आठवलें तर तो कमींत कमी चामडें घेईल, उत्तम घेईल, आणि घेतलेलें जपून वापरील. कॉनलींच्या काळांतील कारागीरही खडू हातांत घेऊन कातड्यापुढें उभा राहिला कीं याहून निराळें कांहीं करीत नसे : डाग टाळी, तुकडा वाया घालवीत नसे, आणि घट्ट भाग तेथेंच लावी जेथें माणसाचा भार पडणार आहे.